दोन सर्व्हर, एक बोर्ड

आमच्या रक्तपेढीत सर्व्हर बसवून देणाऱ्या इंजिनिअरने मला फसवलं. कोणत्या गटाची पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये आहे, कोणती तपासून झाली आहे, हे सगळं त्या सर्व्हरवर असतं. म्हणून मी हट्टाने दोन घेतले. "साहेब, एक पडला की दुसरा त्याच क्षणी काम उचलतो, तुम्हाला कळणारही नाही," असं तो म्हणाला होता.

काल खंडेनवमी. सर्व्हरला हार घालायला मी कपाटामागे वाकलो, तर दोन्ही सर्व्हरच्या वायरी एकाच बोर्डात गेलेल्या. त्या बोर्डाला एकच बटण, त्यावर धूळ. ते बंद झालं की दोन्ही सर्व्हर एकदमच बंद.

प्रयोगशाळेत नळ्या धुण्यापासून मी इथवर आलो. वांगंसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. इथे मात्र दोन हिरवे दिवे पाहिले आणि दोन वर्षं निवांत राहिलो. दुसरा आधार आहे एवढं कुणी सांगितलं की माणसाला बरं वाटतं. तो वजन पेलतो का, हे बघायची भीती वाटते.

"दादा, एकाची वायर काढून दुसऱ्या बोर्डात लावू का?" आमच्या तंत्रज्ञ सुनंदाताईंनी विचारलं.

"हात लावू नका!" मी ओरडलो. बाहेर एका बाळंतिणीचा नवरा पिशवीसाठी उभा होता.

आज त्या हिरव्या दिव्यांकडे बघवत नाही. इंजिनिअरसाहेब, तुम्ही या. ती वायर तुमच्या हाताने काढा, आणि दुसऱ्याने काम उचललं नाही, तर त्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.