डेमोतली मुलगी

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. आधी तिनं टायपिंगचा वर्ग चालवला, मग संगणकाचा, आणि दोन्हींना टाळं लागल्यावर ती या मोबाइलच्या कंपनीत आली. काम एकच, नवं यंत्र लोकांपुढं चालवून दाखवायचं. वय पन्नाशीला टेकलेलं. लग्न राहून गेलं होतं. अडवलं कुणीच नव्हतं, पण आई अंथरुणाला खिळली आणि बारा वर्षं कुठं गेली ते कळलंच नाही. आई जाऊनही आता दोन वर्षं झाली होती.

त्या वर्षीच्या व्यापारी संमेलनात कंपनीला मोठा स्टॉल मिळाला होता. नवा फोन टेबलावरच्या पट्टीवर ठेवला की समोरचा पडदा संगणक व्हायचा. तोच उचलून टॅबलेटजवळ नेला की अर्धवट राहिलेलं काम तिथून पुढं सुरू. साहेबांनी आठवडाभर आधी बजावलं, "तुमचाच फोन यात उतरवून घ्या. खरे मेसेज, खरे फोटो. नकली माल लोकांना लगेच कळतो."

फोन उतरवायला पडद्यावरची चित्रं करणारी पोरगी बसली. तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. पाच मिनिटांत तिनं मान वर केली.

"बाई, यात बँकेचे आणि कुरिअरचेच मेसेज आहेत हो."

"मग?"

"मग काही नाही. मी टाकते काहीतरी."

आणि चष्मेवालीनं बाईंना एक मुलगी दिली. कुणा मॉडेलचा हसरा फोटो, नावाच्या जागी 'पिल्लू', आणि प्रत्येक डेमोत चौथ्या मिनिटाला येणारा मेसेज: 'आई, जेवलीस का?' त्यावर बाईंनी टॅबलेटवरून उत्तर द्यायचं, 'हो गं, जेवले.'

पहिल्या दिवशी बारा डेमो झाले. बाईंचं बोलणं पाण्यासारखं होतं, कुठं अडायचं नाही. पण सातव्या-आठव्या वेळी त्यांच्या लक्षात आलं, की तिसरं मिनिट संपत आलं की आपली नजर पडद्याच्या त्या कोपऱ्याकडं जाते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दुपारी त्यांनी सामानाच्या खोलीत रिकाम्या खोक्यांच्या मध्ये उभ्यानंच डबा खाल्ला. कुणी विचारलं नाही, त्यांनीही कुणाला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळांसाठी खरेदी करणाऱ्या एक बाई डेमो संपल्यावर मागं रेंगाळल्या. "गोड आहे हो लेक तुमची. काय करते?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मास्तरीणबाईंच्या तोंडून गेलं, "हॉस्टेलला असते. शेवटचं वर्ष."

"रोज फोन करते?"

"रोज. जेवल्याशिवाय राहू देत नाही मला."

त्या बाई कौतुकानं हसल्या. त्या दिवसाचे उरलेले डेमो मास्तरीणबाईंनी असे रंगवले, की साहेब पाठ थोपटून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या खरेदीवाल्या बाई पुन्हा हजर. हातात कापडी पाऊच. "समोरच्या स्टॉलवर दिसला. पेनंबिनं ठेवायला. तुमच्या लेकीला द्या."

मास्तरीणबाईंनी हातात आलेला पाऊच तसाच पुढं केला. "अहो, नको," त्या म्हणाल्या. "मला मुलगी नाही. तो फोटो कंपनीचा आहे."

"पण हॉस्टेल..."

"ते मीच जोडलं. चुकलं माझं."

त्या बाई कानकोंड्या झाल्या. "बरं, बरं," असं दोनदा पुटपुटून, पाऊच परत घेऊन, गर्दीत शिरल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लगेच पुढचा डेमो होता. समोर चाळीसेक माणसं. चौथ्या मिनिटाला मेसेज आला: 'आई, जेवलीस का?' बाईंची बोटं टॅबलेटवर तशीच थांबली. कुणीतरी मागून म्हणालं, "अडकलं वाटतं यंत्र!" थोडं हसणं झालं.

"यंत्र ठीक आहे," बाई म्हणाल्या. "हा मेसेज दाखवण्यापुरता आहे. मी तुम्हाला माझा फोन दाखवते." त्यांनी पर्समधला स्वतःचा, कंपनीनं दिलेला याच बनावटीचा फोन काढून पट्टीवर ठेवला. पडद्यावर कॅलेंडर उघडलं: सकाळी आठ, रक्तदाबाची गोळी. दुपारी दोन, साखरेची. रात्री नऊ, झोपेची. रोज, महिनोन् महिने.

"माझ्या आईच्या गोळ्या. ती आता नाही. गजर काढायचे राहून गेलेत." त्यांनी वर्गात बोलायच्या आवाजात पुढं सुरू केलं. "आता बघा, इथं वेळ बदलली की टॅबलेटवरही बदलते."

पुढच्या रांगेतल्या एका नर्सनं हात वर केला. "पेशंट एका गावात, मुलगा दुसऱ्या गावात, तरी चालेल?"

"चालेल. आणि पेशंटनं गजर बंद केला नाही, तर मुलाला कळेल."

मग प्रश्नांची रीघ लागली. डेमो वीस मिनिटं लांबला. साहेब कडेला ओठ आवळून उभे होते. गर्दी पांगल्यावर ते एवढंच म्हणाले, "दुपारपासून चौकशीच्या टेबलावर बसा." बाई बसल्या. तिथं संध्याकाळपर्यंत लोकांनी त्यांना स्वच्छतागृह कुठंय ते विचारलं.

संध्याकाळी स्टॉल उतरवताना चष्मेवाली डेमोचा फोन घेऊन आली. "पुसून टाकू सगळं?"

"पूस."

चष्मेवालीनं पुसलं. मग तारा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "गेटजवळच्या कॅन्टीनमध्ये जाऊ या का? भूक लागलीये."

"नको गं," बाई सवयीनं म्हणाल्या. "घरी वाट बघत असतील."

"कोण?"

तिनं खवचटपणे विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. बाईंनी गुंडाळलेल्या तारांचं दुसरं टोक उचललं.

"पाय दुखतायत माझे," त्या म्हणाल्या. "हळू चाल."