‘सगळे आले’ असं मी म्हणालो होतो

मालवणहून निघताना बायकोने विचारलं, “तिकडे पाहण्यासारखं काय आहे?”

“लतीफ आहे,” मी म्हणालो.

दोन दिवसांच्या प्रवासानंतर सकाळी हिंगोली स्टेशनवर उतरलो. बाहेर बाजाराकडे निघालेल्या गाड्यांवर हळदीची पोती रचलेली, आणि हवेत हळदीचाच कोरडा, उबदार वास. समुद्राकाठी वाढलेल्या माझ्या नाकाला तो नवाच होता.

लतीफ इथून जवळच्या कुरुंदा गावचा. बेटांकडे जाणाऱ्या एका प्रवासी जहाजावर आम्ही चार वर्षं बरोबर नोकरी केली. तो विहिरीत पोहायला शिकलेला, मी समुद्रात. तीन वर्षांपूर्वी ते जहाज बुडालं. तेव्हापासून तो दर ईदला फोन करायचा आणि मी काहीतरी कारण सांगून दोन मिनिटांत ठेवून द्यायचो.

औंढ्याची एस.टी. नागनाथाच्या दर्शनाला निघालेल्या बायांनी भरली होती. शेजारच्या आजींनी चौकशी केली, “कुठले पाव्हणे?”

“मालवणचा.”

“समुद्राकडचे व्हय? मंग इकडं काहून?”

“मित्राला भेटायला.”

“मंग बराबर हाय,” म्हणत त्यांनी मूठभर भाजक्या शेंगा माझ्या हातात ठेवल्या.

औंढ्याला बस बदलली आणि पुढे डुलकी लागली. कुरुंद्याचा फाटा मागे गेला. उतरून उन्हात तासभर माघारी चाललो. शेवटी हळदीच्या एका टेम्पोने मागे बसवून घेतलं आणि लतीफच्या दारात मी उतरलो तो कपड्यांसकट पिवळा होऊन. लतीफ हसत सुटला, मग त्याने मला तसंच कवटाळलं.

अंगणात कुकरमधून (हळद वाफवायची लोखंडी टाकी) वाफ निघत होती. ताडपत्रीवर शिजलेली हळद पसरली होती. त्याच्या आईने, अम्मांनी, खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं पातळ कालवण) वाढला. पहिला घास घेतला तोच लतीफ कौतुकाने म्हणाला, “अम्मा, हेच सदूभाऊ. लाटेनं बोट वढून नेली, न्हाईतर हे मला टाकून जाणारे न्हाईत.”

 म्हणजे त्याला माहीतच नव्हतं.

जहाज बुडालं त्या दुपारी इंजिनखोलीत पाणी शिरलं आणि जहाज कलू लागलं. नियम आम्हाला पाठ होता. आधी लेकरं आणि त्यांच्या आया, आजारी, म्हातारे. मग बाकीचे प्रवासी. सर्वांत शेवटी आम्ही कर्मचारी. डावीकडच्या शेवटच्या जीवरक्षक बोटीची यादी माझ्या हातात होती. पाय गेलेल्या एका म्हाताऱ्याला आणायला लतीफ खालच्या केबिनमध्ये उतरला होता. तीच दोन नावं राहिली होती. जहाज जोरात हललं. मी बोटीवरच्या माणसाला म्हणालो, “सगळे आले. सोड.” आणि बोटीत जाऊन बसलो.

मी गप्प राहिलो असतो तर जेवून, नागनाथाचं दर्शन घेऊन सुखाने घरी गेलो असतो. जहाजाच्या चौकशीतही लतीफने लाटेचंच सांगितलं होतं; ते मला वाचवायला, असं समजून मी ते खोडलं नव्हतं. पण इतक्या लांब मी जेवायला आलो नव्हतो.

“लतीफ, लाट नव्हती. मीच बोट सोडायला लावली.”

त्याचा हात ताटात थांबला. “यादी तुमच्या हातात होती ना?”

“होती.”

“आमची नावं वाचली होती?”

“वाचली होती.”

तो उठला, हात धुतले आणि अंगणात जाऊन हळद परतू लागला. मी पिशवीकडे हात नेला.

“बस,” अम्मा म्हणाल्या. “ताटावरून उठायचं न्हाई.”

“अम्मा, तुम्ही ऐकलंत ना?”

“ऐकलं. माझं लेकरू वाचलं म्हणून तुला वाढून राहिले. न्हाई वाचलं असतं तर काय केलं असतं, मला म्हाईत न्हाई.” त्यांनी आणखी एक डाव खिचडी वाढली.

जेवण कसंबसं संपवून मी बाहेर गेलो, एक फावडं घेतलं आणि त्याच्या शेजारी हळद परतू लागलो. त्याने हाकललं नाही. अर्धी ताडपत्री परतून झाल्यावर तो बोलला.

“मदत येईपर्यंत चार घंटे पाण्यात होतो. म्हातारा पाठीवर रडून राहिला होता. मी त्याला सांगत होतो, बोट माघारी येईल, तिकडं सदूभाऊ हायत.”

मला वर बघवेना. “म्हातारबाबा…?”

“जित्ता हाय. फोन करतो अधूनमधून.”

“मी घाबरलो होतो रे.”

“मी काय घाबरलो नव्हतो? पण त्याचे हात माझ्या गळ्यात होते, भाऊ. सोडून जाता येत नव्हतं. तुमच्या गळ्यात कोनी नव्हतं.” तो थांबला. “यादी मात्र हातात होती.”

“माफ करशील?”

“आज न्हाई म्हनता येत. खोटं कशाला बोलू?”

संध्याकाळी त्याने मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. एस.टी. तासभर उशिरा आली. तेवढा वेळ तो शेजारी उभा राहिला, निघून गेला नाही.

परतीच्या वाटेवर बराच विचार केला. समुद्र माझ्या ओळखीचा, म्हणून मी स्वतःला धीराचा समजत आलो. धीर तिथे नव्हताच. तो खालच्या केबिनचा जिना उतरून गेला होता. मालवणला पोचल्यावर आधी चौकशी अधिकाऱ्यांना पत्र लिहून लाट नव्हती हे कळवलं. मग त्या म्हातारबाबांनाही पत्र लिहिलं. मग कुरुंद्याला फोन लावला.

फोन अम्मांनी घेतला. “लतीफ वावरात गेला,” त्या म्हणाल्या. “बोलायचं न्हाई म्हनला. पर सकाळपासून दोनदा इचारून गेला, पोचले का म्हनून.”