उबाल्दोचे हजार वॅट

एनेइदा कांतियोच्या अंबाड्यात नेहमी एक बारीक स्क्रूड्रायव्हर खोचलेला असे. लग्नाला निघाली की गल्लीतल्या बायका तिला आठवण करून देत, "अगं, तो काढ आधी." वय अठ्ठावन्न. बारान्किया शहरातल्या आपल्या घराच्या दारातच टेबल टाकून ती ॲम्प्लिफायर दुरुस्त करायची.

हे तिला बापाकडून आलं. बाप शनिवारच्या नाचाला स्पीकर भाड्याने द्यायचा. कपाटाएवढा खोका, त्यावर रंगवलेली हिरवीगार मगर आणि खाली नाव, 'मत्सरी मगर'. दुसऱ्या वस्तीचा स्पीकर समोर उभा राहिला की ज्याचा आवाज मोठा त्याची वस्ती जिंकली. अशा गावात वाढलेल्या पुरुषाला वॅट हे मोजमाप वाटतच नाही, अब्रू वाटते. एनेइदा मात्र लहानपणापासून आवाजापेक्षा ॲम्प्लिफायरवरच्या वॅट दाखवणाऱ्या सुईकडे बघत आली. त्यामुळे कोणी "किती वॅटचा घेऊ?" असं विचारलं की ती उलट विचारायची, "खोली केवढी? सोफा भिंतीपासून किती लांब? आणि शेजारी कोण राहतं?" दुकानदारांना ती फारशी आवडत नसे.

बुधवारी सकाळी उबाल्दो आला. पस्तीस वर्षं बस चालवून घरी बसलेला माणूस. त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला एनेइदा धर्ममाता होती, तेव्हापासून दोघं एकमेकांना कोमाद्रे आणि कोंपाद्रे म्हणत.

"कोमाद्रे, टीव्हीच्या आवाजाचं मशीन बदलतोय. हजार वॅट!" त्याने दारातूनच जाहीर केलं.

"आताच्याला काय झालं?"

"दम नाही त्यात. सिनेमात माणसं बोलतात ते ऐकू येत नाही. आवाज वाढवला की मारामारी सुरू होते, घर हादरतं आणि मशीन गप्प! ऐंशी वॅटचं खेळणं ते. दुकानवाला मोन्तेस अदलाबदलीला तयार आहे. शनिवारी गाडी घेऊन येतोय."

"अदलाबदल कशाशी?"

उबाल्दोने बोटाने टेबलावरची धूळ पुसली. "खुर्च्यांशी."

एनेइदाने चष्मा काढला. त्या दोन वेताच्या झुलत्या खुर्च्या सगळ्या गल्लीला माहीत होत्या. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी वारा सुटला की उबाल्दो आणि डेल्सी त्या दाराबाहेर काढून बसत.

"आणि डेल्सी काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

"किती दिवस झाले काही नाही म्हणून?"

"रविवारपासून," उबाल्दो पुटपुटला. "अगं, पण तिच्यासाठीच चाललंय सगळं! पूर्वी रविवारी सिनेमा बघायला शेजारी बसायची. आता म्हणते, तुझ्या त्या गोंगाटात मी नाही बसत."

"म्हणजे शेजारी बसावी म्हणून तू तिची खुर्चीच विकतोयस. शाबास, कोंपाद्रे!"

शुक्रवारी दुपारी एनेइदा त्याच्या घरी गेली ती बापाचा जुना ॲम्प्लिफायर मुलासारखा कडेवर घेऊन. पुढच्या बाजूला दोन काचेच्या खिडक्या, आत दोन सुया. डेल्सीने कोरोसोच्या फळांचं लाल सरबत आणून दिलं आणि एनेइदाकडेच बघत म्हणाली, "त्याला सांग, ग्लास सांडू नकोस."

"तो तुझ्या शेजारीच उभा आहे गं."

"असेल."

एनेइदाने पुढचे दोन स्पीकर सोडवून जुन्या यंत्राला जोडले. दोघांनी आधी पाहिलेला एक सिनेमा लावला, दोघांना सोफ्यावर बसवलं, दोघांच्या मधे एक उशी होती ती तशीच राहू दिली. "कोंपाद्रे, आवाज वाढव. डेल्सी, पुरे झालं की सांग."

उबाल्दोने बटण फिरवलं. पडद्यावरच्या म्हातारीने सुनेला टोमणा मारला आणि तो खोलीभर लख्ख ऐकू आला.

"पुरे," डेल्सी म्हणाली.

"सुई बघ."

उबाल्दो वाकला. "दोन? अडकलीय ती."

"हो का? मग वाढव आणखी."

त्याने वाढवलं. सुई विसावर गेली, आणि भिंतीवरची येशूची तसबीर खिळ्यावर नाचू लागली. डेल्सीने दोन्ही हातांनी ती धरली. "बंद कर, मेल्या!" रविवारपासून ती नवऱ्याशी बोललेली ही पहिलीच गोष्ट. उबाल्दोचा चेहरा उजळला.

"नेहमीच्या बोलण्याला दोन वॅट," एनेइदा म्हणाली. "धडामधुडूम आलं की क्षणभर दहापट, वीसपट लागतात, म्हणून पन्नासएक हाताशी असावेत. तुझ्याकडे ऐंशी आहेत. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात, कोंपाद्रे. म्हणजे ते हजार आणलेस तरी आवाज दुपटीच्या जरासा वर. आणि ते हजारसुद्धा खोक्यावरचे. खोक्यावर लिहायला वीज लागत नाही."

"मग माझं मशीन गप्प का होतं? आणि बोलणं का ऐकू येत नाही?"

एनेइदा टीव्हीच्या फडताळाकडे बघत होती. कारण तर घरात पाऊल टाकल्याबरोबर तिच्या लक्षात आलं होतं, पण कसं बोलावं ते सुचत नव्हतं. उबाल्दोच्या मशीनवर डेल्सीने क्रोशाचं जाड पांढरं आच्छादन घातलं होतं, चारी बाजूंनी झालर सोडलेलं. माणसांचं बोलणं ज्यातून येतं तो मधला स्पीकर त्याच झालरीमागे होता, आणि त्याच्यापुढे चिनीमातीचा हंस. या गल्लीत फ्रीजला, रेडिओला, गॅसच्या टाकीलासुद्धा क्रोशाचे कपडे घालतात, आणि डेल्सीइतकं सुबक कोणाचंच नसतं.

"डेल्सी, किती महिने लागले गं हे विणायला?"

"तीन. का?"

"सुंदर आहे. इतकं की कोंपाद्रेला वाटलं हात लावू नये. पण त्याखाली मशीनला गुदमरल्यासारखं होतं गं. ताप चढला की हे स्वतःच बंद पडतं, जळू नये म्हणून."

डेल्सीने मशीनकडे पाहिलं, मग हंसाकडे. "म्हणजे माझंच चुकलं."

"अजिबात नाही!" उबाल्दो घाईने म्हणाला. "मी बसचा ड्रायव्हर. इंजिनावर गोधडी घालून पस्तीस वर्षांत कधी बस चालवली का मी? मला कळायला हवं होतं."

डेल्सीच्या ओठांचा कोपरा हलला. तिने हंस उचलून खिडकीत ठेवला, आच्छादन काढून खांद्यावर टाकलं. एनेइदाने सगळ्या तारा पुन्हा उबाल्दोच्या मशीनला जोडल्या आणि मधल्या स्पीकरचा आवाज थोडा वाढवला. सिनेमा सुरू झाला. उबाल्दोने विस्फारलेल्या डोळ्यांनी पडद्याकडे बघितलं. "अरे, ही म्हातारी हिरोची आई आहे होय! मला वाटलं मोलकरीण."

"मी चार वेळा सांगितलं होतं," डेल्सी म्हणाली आणि उशी उचलून पाठीमागे घेतली.

शनिवारी मोन्तेस नव्या मशीनचा खोका घेऊन आला, तेव्हा वारा सुटलेला होता. दोन्ही खुर्च्या दाराबाहेर होत्या, आणि दोन्हींत माणसं होती. समोरच्या दारातून एनेइदा सोल्डरिंग थांबवून बघू लागली.

"उठा की, गाडीत ठेवायच्यात," मोन्तेस म्हणाला.

उबाल्दोने बायकोकडे बघितलं. डेल्सी झुलतच होती.

"मित्रा, बायको बसलीय," उबाल्दो म्हणाला. "तूच उठवून बघ."

मोन्तेसने डेल्सीकडे नीट पाहिलं, आणि खोका परत गाडीत चढवला.