भरताची वांगी आणि मामांचा मोतीबिंदू

आमच्या मामेसासऱ्यांइतका कुठलीही गोष्ट निवांत पिकू देणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर मिळायचा नाही. मामा रावेरकडचे, घरची केळी, त्यामुळे जगातलं सगळं आपोआप पिकतं आणि माणसाने मध्ये हात घालू नये, असा त्यांचा ठाम विश्वास. दाढ दुखायला लागली तर "पिकू दे, पडीन तिची ती" म्हणत त्यांनी अख्खा पावसाळा गाल धरून काढला. मोटारसायकल खडखडायला लागली की तो आवाज पिकून गाडीचा एखादा भाग रस्त्यावर पडेपर्यंत ती मेकॅनिककडे जात नसे. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही याच मामांनी मला आपादमस्तक न्याहाळून "पोरगा कच्चा वाटतो, वरीसभर राहू द्या" असा सल्ला दिला होता. मामांचं ऐकायला हवं होतं, असं आमच्या घरात अजून अधूनमधून म्हटलं जातं. मी म्हणत नाही.

अशा माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू यावा, म्हणजे पाहुणा अगदी योग्य घरी उतरला. सुरुवात तर फारच मजेची झाली. एके दिवशी मामांचा वाचायचा चष्मा सुटला. पेपरातलं बारीक अक्षर ते उघड्या डोळ्यांनी वाचायला लागले आणि जळगावला मेहरूणमधल्या आमच्या घरी येऊन, माझ्या नाकावरच्या जाड काचांकडे बघत म्हणाले, "जवाई, तुमचं वय चढू राह्यलं, माझं उतरू राह्यलं." मोतीबिंदू वाढताना डोळ्यातल्या भिंगाचा नंबर बदलतो आणि थोडे दिवस जवळचं उगीचच बरं दिसतं, हे आम्हाला पुढे कळलं. तोवर मामा आपल्या परतलेल्या तारुण्याची बातमी सगळ्या नात्यागोत्यात देऊन मोकळे झाले होते.

मग ते तारुण्य आलं तसं गेलं. घरातले दिवे मंद झाले म्हणून मामांनी सगळे बल्ब बदलले, मग दुकानदाराला नावं ठेवली, मग वीज मंडळाला. संध्याकाळी समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांचा भपकारा डोळ्यांत पसरायचा, तेव्हा त्यांनी तमाम ड्रायव्हर जातीचा उद्धार केला. चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा माणसाएवढा फलक लागला होता. मामांनी त्याला "काय भाऊ, कधी आले?" असं विचारलं, उत्तराची बराच वेळ वाट पाहिली आणि घरी येऊन म्हणाले, "माणूस मोठा झाला का बोलत नाही." मोबाइलवर कोणीतरी कांद्याच्या रसाचा उपाय धाडला, तर तोही केला. दिवसभर डोळे धो धो वाहिले आणि मामा लाल डोळ्यांनी समाधानाने सांगत होते, "घान निघू राह्यली."

डॉक्टरचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं. "पिकला नाही अजून." आणि वर हुकमाचं पान. हिवाळ्यात मामांच्या शेतात भरिताची पार्टी असते. हिरव्या-पांढऱ्या मोठ्या वांग्यांचा ढीग ओततात आणि कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ती भाजतात. पण जाळावर जाण्याआधी एकेक वांगं मामांच्या हातून जातं. किडकं वांगं भाजलं तर सगळं भरीत कडू होतं, आणि मामांच्या हातून किडकं वांगं गेल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही. अख्ख्या पंचक्रोशीत त्यांना मान आहे तो या एकाच गोष्टीचा. लग्नकार्यात त्यांना फेटा बांधायला लोक विसरतात, पण भरिताला बोलवायला विसरत नाहीत. "डोळे गेले असते तर वांगं ओळखू आलं असतं का?" ते विचारत. मामी शेजारी बसून लसूण सोलत म्हणायच्या, "त्यांले बठ्ठं दिसस." म्हणजे, त्यांना सगळं दिसतं. मामी धुळ्याकडच्या. इतकी वर्षं इकडे काढूनही त्यांनी आपली बोली सोडली नाही आणि नवऱ्याची बाजूही.

शेवटी चहाचा कप बशीत ठेवण्याऐवजी मामांनी माझ्या मांडीवर ठेवला, तेव्हा मी जावयाचा मान वगैरे विसरून त्यांना जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळे तपासले. डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय, थेंबांनी ते निवळत नाही, कांद्याने तर नाहीच. ते काढून त्या जागी नवं बसवायचं, असं सांगितलं. मामा शांतपणे म्हणाले, "पिकू द्या, मंग पाहू."

"आबा, तुमची केळी ना? घड झाडावर पिकू देता का?"

"छ्या. कच्चाच कापतो. झाडावर पिकला का फाटतो."

"मोतीबिंदूही फार पिकला की कडक होतो. मग काढायला मला त्रास आणि तुम्हाला जास्त."

मामांनी बाईंकडे, म्हणजे बाईंच्या शेजारच्या पंख्याकडे, आदराने पाहिलं. "पोरगी शेतकऱ्याची दिसती," ते माझ्या कानात म्हणाले, आणि तयार झाले.

ऑपरेशनला मी जितका घाबरलो त्याच्या निम्मेही ते घाबरले नाहीत. डोळा बधिर करून, बारीकशी चीर देऊन, जुनं भिंग फोडून ओढून घेतलं, नवं घडी करून आत सोडलं, आणि मामा त्याच दिवशी काळा चष्मा लावून घरी. नंतरचे आठवडे मात्र कठीण गेले. वेळेवर थेंब, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी नाही आणि धुरात जायचं नाही. शेवटची अट ऐकून ते पहिल्यांदा खचले. पुढे दुसराही डोळा झाला. बाईंनी मोकळीक दिली तेव्हा थंडी सरत आली होती, पण मामांसाठी सगळ्यांनी पार्टी थांबवून ठेवली होती.

शेतात पोचल्यावर मामा सगळ्यांकडे नव्याने बघत होते. "जवाई, तुम्ही केस रंगवता?" त्यांनी चारचौघांत विचारलं. मग ते ढिगापाशी बसले. नेहमीसारख्या मामी शेजारी लसूण घेऊन बसल्या. मामांनी हात घातला, एक वांगं उचललं, आणि थांबले. मामींचा हात सवयीने ढिगात फिरत होता. बारीक भोक असलेलं वांगं त्या अलगद उचलत आणि पाठीमागे, पदराआड सारत. चांगलं असेल ते मामांच्या हातापुढे लोटत. मामा बघत राहिले. मीही पाहिलं, आणि घाईघाईने काड्या मोडायला लागलो. किती हिवाळे हे असं चाललं होतं, कोण जाणे.

आता मामा काय बोलणार, या धास्तीने माझ्या हातातली काडी तशीच राहिली. मामांनी ढिगातून एक वांगं शोधून काढलं. त्याचं भोक मला चार हातांवरून दिसत होतं. ते त्यांनी मामींपुढे धरलं.

"हे पाय बरं जरा. मले नीट दिसत नाही."

मामींनी आधी वांग्याकडे पाहिलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे. मग ते वांगं घेऊन, या वेळी पाठीमागे नाही, सगळ्यांसमोर बाजूला टाकलं.

"किडेल शे," त्या म्हणाल्या.

"मंग तूच निवड," मामा म्हणाले, आणि लसणाची परडी आपल्या मांडीवर ओढून सोलायला बसले. त्या दिवशीच्या भरिताची तारीफ झाली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचे डोळे मात्र वाहत होते. धुरात जाऊ नका म्हणून बाईंनी सांगितलं होतं, याची मी त्यांना आठवण करून दिली, आणि उगीचच माझाही चष्मा पुसला.