पाराजवळ सावरलेला पदर

ग्रुपवरच्या लेकीसुनांनो, माझं शिक्षण सातवीपर्यंतच, चुकलं तर सांभाळून घ्या. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

आज पुतण्याची सून मला स्कूटीवरून दवाखान्यात नेत होती. गावच्या पारावर म्हातारी मंडळी दिसताच तिनं एक हात सोडला आणि ओढणी डोक्यावर घेतली. मी ओरडलोच, "हँडल धर गं!"

"आवं आबा, लय घाबरता तुमी," म्हणून ती हसली.

तिला काय सांगू?

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी पलटणीतून रजेवर आलो होतो. बायकोला पाचवा महिना होता. तिला नव्या सायकलच्या कॅरेजवर बसवून कराडला निघालो. याच पारावर वडीलधारे बसले होते. मीच मान वळवून म्हणालो, "पदर घे डोक्यावर. घरंदाज दिसली पाहिजेस."

तिनं कॅरेज सोडून पदर सावरला आणि तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं.

मूल गेलं. पुन्हा कूस उजवली नाही.

कराडच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं मला पहिलं विचारलं, "आवं, पडले तवा पदर हुता न्हवं डोक्यावर?"

"व्हय," म्हणालो. तिला बरं वाटलं.

आता तीही नाही. चार-पाच म्हाताऱ्यांना बरं दिसावं म्हणून मी तिला कॅरेजवरचा हात सोडायला लावला. बाईला काय शोभतं, हे ठरवणारा मी कोण होतो? तुम्हाला काय वाटतं, ते लिहा. मला राग येणार नाही.