सरांनी मोडलेला नियम

पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. मी अर्थशास्त्राच्या एका संस्थेत सरांची संशोधन साहाय्यक होते. सरांना एकच कोडं पडलेलं: जागा रिकाम्या आहेत, नोकरी शोधणारेही आहेत, मग दोघांची गाठ पडायला इतका वेळ का लागतो? त्यासाठी आम्ही माझ्या स्कूटरवरून मुलाखती घेत फिरायचो. सर मागे, पिशवी पोटाशी धरून. त्यांचा नियम कडक होता. "आपण फक्त विचारायचं. मदत केली की अभ्यास बिघडतो."

एका सकाळी बिबवेवाडीतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक आमच्यापुढे बराच वेळ कुरकुरले. प्रोग्रॅम लिहिणारी माणसंच मिळत नाहीत म्हणे.

"जाहिरात दिलीत?" सरांनी विचारलं.

"छे हो. ओळखीपाळखीत सांगून ठेवलंय."

दुपारी कर्वेनगरात यवतमाळहून आलेल्या एका मुलीला भेटलो. प्रोग्रॅमिंगचा कोर्स उत्तम पास झालेली, इतर मुलींबरोबर एका खोलीत कॉट बेसिसवर राहणारी.

"सगळे अनुभव विचारतात जी," ती म्हणाली. "नाही तं ओळख विचारतात. माझ्या ओळखीच्या इथं फक्त मेसवाल्या काकू!" आणि स्वतःच हसली.

मी सरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून लिहीत राहिले. मी नवखी, बोलायचं धाडस झालं नाही. निघालो, पण माझं मन गाडी चालवण्यात नव्हतं.

नळ स्टॉपच्या सिग्नलला मागून आवाज आला, "वळवा."

"काही राहिलं का, सर?"

"सांगायचं राहिलं. वळवा म्हणतो ना!"

मी इतक्या आनंदाने वळवली की सरांनी माझी सीट घट्ट धरली.

दारात आम्हाला परत पाहून ती मुलगी घाबरलीच. सरांनी तिला बिबवेवाडीचा पत्ता सांगितला. "आमचं नाव घेऊ नका," ते म्हणाले. मग जरा थांबून, "नाही, घ्याच. त्यांना ओळख लागते."

पुढच्याच आठवड्यात तिचा संस्थेत फोन आला. परीक्षा घेऊन बिबवेवाडीच्या कंपनीने तिला घेतलं होतं. सर गंभीरपणे म्हणाले, "अभिनंदन. आता आपण आमच्या अभ्यासातून बाद." फोन ठेवला आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. सरांनी आपणहून चहा मागवण्याची ती पहिलीच वेळ. शिपाईसुद्धा दोनदा खात्री करून गेला.

थोड्या दिवसांनी मालकांचाच फोन. आणखी माणसं हवी होती.

"ही संशोधन संस्था आहे, नोकऱ्या लावायचं दुकान नाही," सरांनी ठणकावलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून मला हळूच विचारलं, "काय हो, तिच्या खोलीतल्या बाकीच्या मुली काय शिकल्यात?"