मामांचं ठेंगणं इंजिन

माझ्या बायकोच्या मामांनी मुलीसाठी नवरा एका बैठकीत पसंत केला, अमरावतीतला प्लॉट रिक्षातून न उतरता घेतला, पण वीतभर लांबीचं खेळण्यातलं इंजिन निवडायला त्यांना तीन वर्षं लागली. इतका चोखंदळ माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या बायकोला माझा दंडवत.

मामा अकोल्याच्या यार्डात शंटिंग जमादार होते. म्हणजे रुळाशेजारी उभं राहून झेंडीने इशारे करायचे आणि ड्रायव्हरने त्या इशाऱ्यांवर इंजिन हळूहळू आणून डब्याला टेकवायचं. मामा ही जोडणी अशी करवून घेत की डब्यात झोपलेला हमाल कूससुद्धा बदलत नसे, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीनंतर अमरावतीला येऊन त्यांनी मागच्या खोलीत, मामींच्या पापडकुरडयांची जागा बळकावून, प्लायवूडवर छोटं यार्ड उभं केलं. कापसाच्या गाठी लादायचा फलाट झाला, काडेपेटीएवढी केबिन झाली, मालाच्या वाघिणी आल्या. फक्त इंजिन नव्हतं. दुकानदार हौसेने लांबलचक मेलगाडीचं इंजिन दाखवायचा आणि मामा तोंड फिरवायचे. त्यांना हवं होतं यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं बुटकं इंजिन. मला म्हणाले, "मेलचं कौतुक सारेच करतेत, जवाईबुवा. थे डबे फलाटावर आनून कोन लावते, हे कोनी इचारत नाई."

घराणं मूळचं भातकुलीकडचं, शेतकऱ्याचं. त्यामुळे मामा इंजिनही बैल पारखावा तसं पारखत. पार्सल उघडलं की आधी पाठीवरून हात फिरवायचा, मग उलटं करून चाकं पाहायची, मग रुळावर सोडून चाल बघायची. शेवटी खरी परीक्षा. सपाट वाघिणीवर मामींची देवघरातली वाटी काठोकाठ पाण्याने भरून ठेवायची आणि इंजिनाने मुंगीच्या चालीने येऊन वाघिणीला जोडून घ्यायचं. थेंब सांडला की इंजिन नापास. पहिलं इंजिन वळणावरच आडवं झालं. दुसऱ्याने अशी धडक दिली की वाटी थेट मामींच्या पायाशी आली. "नांगराले चालंल हे, यार्डाले नाई," असा शेरा मारून मामांनी ते परत केलं.

तिसरं गुणी होतं, पण ते नेमकं पोळ्याच्या आदल्या दिवशी आलं. त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. मामांच्या दारात बैल नाही, मग इंजिनच सही. मामांनी त्याला पाटावर ठेवलं, लोणी-हळद चोळली आणि हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी ते जागचं हललंच नाही. लोणी दातेरी चाकांत जाऊन बसलं होतं. परत पाठवल्यावर दुकानदाराने फोनवर विचारलं, "काका, इंजिनाला आंबूस वास काहून येऊन राह्यला?" यावर मामांनी त्यालाच पोळ्याचं महत्त्व समजावून सांगितलं.

चौथं इंजिन मी स्वतः घेऊन गेलो. चाल सुरेख, आवाज नाही. वाटी भरली. मामांनी वेगाच्या बटणावर बोटं ठेवली, इंजिन निघालं, थबकलं, उसळलं, आणि पाणी सांडलं. पुन्हा तेच. "खोडीचं हाय," मामा पुटपुटले. तेव्हा मला दिसलं की खोड इंजिनात नव्हती. मामांचा हात थरथरत होता. मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर पाहू लागलो. "वापस करून टाका याले," मामा हळूच म्हणाले. "आता इंजिनगिंजिन काई नको."

मामी पदराला हात पुसत पुढे आल्या. त्यांनी हे बहुधा फार आधीच ओळखलं असावं. "सरका तिकडं," त्या म्हणाल्या. "तुमी कधी इंजिन चालवलं होतं काय? तुमी तं झेंडी दाखवत होते. दाखवा झेंडी."

मामांनी दोरीवरचा हिरवा नॅपकिन ओढला आणि यार्डाच्या टोकाला ताठ उभे राहिले. झेंडी हलवायचीच असते, त्यामुळे हाताची थरथर तिच्यात मिसळून गेली. मामी त्यांच्या हाताकडे बघत बटण जेमतेम फिरवत होत्या. इंजिन आलं, टेकलं, बारीकसा टक आवाज झाला. वाटीतलं पाणी तसंच होतं.

"पाह्यलं, इंजिन निर्दोष हाय!" मामा ओरडले.

"चाळीस वर्स यायच्या इशाऱ्यावर चालून राह्यली मी," मामी मला म्हणाल्या. "याच्यात नवं काय हाय?"

इंजिन राहिलं. अजूनही मी अकोल्याहून अमरावतीला गेलो की चहानंतर यार्ड सुरू होतं. मामांचा निम्मा चहा आता बशीत सांडतो, वाघिणीवरची वाटी मात्र सांडत नाही. मामांनी पुन्हा एखादं इंजिन नापसंत करावं, दुकानदाराशी तासभर भांडावं, असं मला फार वाटतं. पण ते आता कशालाच नावं ठेवत नाहीत.